ईस्टरपर्यंतची टाकी

११ फेब्रुवारी, रविवार

लावली एकदाची! दीडशे लेट्यूसची रोपं, पाइपांच्या भोकांत एकेक. टाकीत तिलापिया मासे खाणार, हगणार. ते पाणी खडीतून गाळून लेट्यूसच्या मुळांना. मुळं त्यातलं खत शोषणार आणि पाणी परत टाकीत. माती नको, विकतचं खत नको. बायकोला, शोशाम्माला, हे चौथ्यांदा समजावलं. म्हणाली, "म्हणजे हॉटेलातल्या पाहुण्यांना तुम्ही माशांची घाण चारणार. छान!"

उद्यापासून ईस्टरपर्यंत नोंब – पन्नास दिवस घरात मांस नाही, मासळी नाही. म्हणून आज दोन्ही वेळा बदकाचा रस्सा. वाढता वाढता बायकोनं फर्मान काढलं – "ईस्टरपर्यंत हा पाला विकला गेला तर टाकी राहील. नाहीतर मासे कालवणात आणि टाकी भंगारात. माझी मोगऱ्याची जागा मला परत!"

कबूल केलं. न करून सांगतो कोणाला?

१४ फेब्रुवारी

कुमरकमच्या हॉटेलातला बिनॉय बघून गेला. तिथलं स्वयंपाकघर त्याच्याच हाताखाली. "अंकल, ईस्टरला खोल्या फुल्ल. चांगलं निघालं तर सगळं उचलतो." मी हवेत!

शिवाय माशांना खायला घालायचं काम शोशाम्मानं परवापासून आपणहून घेतलंय. "तुम्ही पंपाशी खेळा. पोटाचं मी बघते." देवच पावला.

२ मार्च

खालची पानं पिवळी. थोडी नाही, सगळी. पंप उघडून बघितला. कुवेतमध्ये एकतीस वर्षं पंपच चालवले, हा तर खेळणं.

५ मार्च

पंप पुन्हा उघडला. ठणठणीत आहे. शोशाम्मा दारातून, नवऱ्याला मारायच्या नेहमीच्या लाडाच्या हाकेसकट – "आणखी एकदा उघडा, इच्चाया. अजून थोडी लाज शिल्लक आहे त्याची."

९ मार्च

सापडलं! पाण्यात खतच नाही. मासे रोज दोनदा खातात, मग खत जातं कुठं? शोशाम्माची बादली बघितली – कोंडा आणि खोबऱ्याची पेंड! माशांच्या विकतच्या खाद्याच्या गोळ्यांचं पोतं कोठीत, शिलाईसुद्धा उसवलेली नाही.

"गोळ्या का नाही घातल्यास?"

"नोंब आहे ना."

"नोंब आपला! माशांचा नाही!"

"पोत्यावर लिहिलंय – मासळीची पूड. या दिवसांत माझ्या हातानं मासळी? पोट कोणाचं का असेना, या घरात नियम एकच."

सत्तावीस दिवस! सत्तावीस दिवस माझे मासे उपास करतायत. कोंडा खाऊन ते लेट्यूसला काय डोंबल खत देणार!

१० मार्च

प्रार्थना झाल्यावर अच्चनना गाठलं. फादर झाले म्हणून काय, पोट धरधरून हसले. "इट्टी, तुझ्या माशांचा बाप्तिस्मा झालाय का? नाही ना? मग खाऊ दे की त्यांना!"

नाचत घरी आलो. पोत्याला सुरी लावणार, तेवढ्यात शोशाम्मा मागे. "अच्चनना काय, त्यांना थोडंच घर चालवायचंय!" मग एकदम आवाज उतरला. "एकतीस वर्षं तुम्ही तिकडे. या घरात नोंब मी एकटीनं धरला, इच्चाया. एकटीसाठी चूल पेटवायची आणि एकटीनं जेवायचं. यंदा पहिल्यांदा घर भरून धरलाय. तेवढा मोडू नका."

सुरी ठेवून दिली.

लेट्यूस गेलं. वाईट वाटतंय, खरंच फार वाटतंय. परत आल्यापासून या घरात मी नुसता पाहुणा. माझ्या हातचं म्हणून ही एक टाकीच होती.

२० मार्च

पिवळं. वर ऊन असं की उरलेली पानं कडूजहर. चावून बघितलं आणि थुंकलं.

३० मार्च

बिनॉय आला. पाइपांच्या कडेनं एक चक्कर मारली. मग म्हणाला, "अंकल, हे वाढलंय की वाळलंय?" एक पान नेलं नाही. चहा मात्र दोनदा प्यायला!

शोशाम्मानं सगळं ऐकलं. काही टोमणा नाही. मोगऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

३१ मार्च, ईस्टर

चर्चहून आल्यावर मीच जाळं घेऊन टाकीवर गेलो. कबूल केलं ते केलं.

शोशाम्मानं जाळं हातातून काढून घेतलं. "त्यांना हात लावायचा नाही. टाकी राहू दे."

"का गं?"

"पन्नास दिवस या घरात माझ्याबरोबर नोंब धरला तो त्यांनीच. तुम्ही भाजी आणायला म्हणून जायचात आणि औसेपच्या दुकानात बीफ फ्राय खायचात."

कसंबसं विचारलं – कधी कळलं तुला?

"पहिल्याच शुक्रवारी."