निळ्या दाराचं कुलूप

आत्याबाई, शनिवारी मी दाराला कुलूप लावणार आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, आता तुम्हाला कोण कशाला सांगायला येणार, हे मला समजतं. तरी भीती वाटते ती वाटतेच. तुमच्यासमोर खोटं बोलताना माझे कान तापायचे, तसे आत्ता तापलेत, आणि अजून तर मी काही खोटं लिहिलेलंही नाही.

टोकाचं एक सोडलं तर गल्लीत आज माझं एकटीचं दार उघडं आहे. दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला गेल्या, ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि त्यावर पोरं. आता गुढीपाडव्यापर्यंत घरटी एक कुलूप. टोकाच्या घरातली तुमची मैत्रीण तेवढी मागं राहिली आहे, तिचे गुडघे आता ट्रॉलीत चढू देत नाहीत. गल्लीच्या सगळ्या किल्ल्या एका सुतळीत ओवून तिनं कमरेला बांधल्यात, चालली की वाजतात. काल ती येऊन उंबऱ्यावर बसली.

“परदेसात चाललीस म्हनं?”

“व्हय.”

“इमानानं?”

“रेल्वेनं. नगरहून गोरखपूर. फुडं मोटारीनं.”

“मंग कसला गं त्यो परदेस? रेल्वेत बसून परदेसात गेलेलं मी तर कुनी बघितलं न्हाई.” स्वतःच्याच बोलण्यावर ती खोकला येईपर्यंत हसली. मग कमरेची सुतळी चाचपत म्हणाली, “आन तुजी किल्ली बी. हितंच अडकवते.” तिचंच तिच्या ध्यानात आलं. “पर तू पाडव्याला यायची न्हाईस,” एवढं म्हणाली आणि सुतळी परत खोचून उठली.

परदेश म्हणजे नेपाळ. मागच्या महिन्यात मी लग्न केलं. देवीच्या देवळात, पुजारी आणि वसतिगृहातल्या दोन बायका, एवढीच माणसं होती. लिहिलं एकदाचं. उसाला जाणाऱ्यांची पोरं वर्षभर राहतात त्या वसतिगृहात मी भाकऱ्या करायला लागले तेव्हा तुम्ही होतात. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी तिथं एक आचारी आला. नेपाळच्या डोंगरातला, बायको वारलेली, हायवेवरच्या ढाब्यावर आणि चायनीजच्या गाडीवर उमेदीची वर्षं गेलेली. सगळे त्याला एकाच नावानं हाक मारायचे, आपल्याकडं त्यांच्या प्रत्येक माणसाला मारतात त्या. ते त्याचं नाव नव्हतं. चार महिन्यांनी मी खरं नाव विचारलं तर त्याचा हात कढईतच थांबला. मी म्हटलं, इतकी वर्षं भलत्याच नावानं बोलावतात, वाईट नाही वाटत? म्हणाला, “पहिला दोन वर्ष वाटला. मग कान झोपला.” त्याचं मराठी असं. भाजी झाला, मीठ टाकला, आई पडला. पोरं हसायची, तोही हसायचा. मी अजून त्याला आचारीच म्हणते आणि तो मला बाई.

श्रावणात त्याची आई खरंच पडली. हाताचं मनगट मोडलं. ऐंशीच्या घरातली बाई डोंगरावर एकटी. दुसऱ्या दिवशी मी तव्यावर भाकरी टाकलेली, आणि तो पाठमोरा उभा राहून म्हणाला, “बाई, मी जातो. आता परत नाही. तुम्ही येणार का? खाली बाजारात भावाचा दुकान बंद आहे, बस थांबतो तिथं. भात मी करणार, रोटी तुम्ही.” माझी भाकरी जळली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा जळली ती तुमच्यासमोर. मी नवी सून आहे, वीस वर्षांचीसुद्धा नाही. चुलीपुढं बसलेय आणि जिऱ्याच्या पुडीचा कागद मांडीवर सपाट करून एकेक अक्षर लावतेय. आईबापाबरोबर उसाच्या फडावर वाढलेल्या मला शाळा कुठली. तुमचा मुलगा टेम्पोवरून आला की त्यानं दोन दोन अक्षरं दाखवायची आणि बाकीची मी कागदावर हुडकायची. “पाऊ” लागलं, “स” लागेना, आणि धूर झाला. तुम्ही मागून भाकरी उचलून माझ्यापुढं आपटलीत. “आता अक्षरं खाऊ का मी? आँ? घाल ताटात, दोन अक्षरं आन वर मीठ घाल.” मी रडले. तुम्ही ती काळी भाकरी मुकाट्यानं खाल्लीत. पुढच्या सोमवारी बाजारात मी तुमच्या मागं उभी होते. दुकानदार जिरं, मोहरी, हळद एकाच पिशवीत घालायला लागला तर तुम्ही त्याच्यावर ओरडलात, “येगयेगळं बांध! धा पुड्या बांध. कागद वाचवून कुटं नेनार हाईस?” का, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. तुम्ही होतात तोवर आपल्या घरात जिरं-मोहरी कधी एका पुडीत आली नाही. मी वाचायला शिकले ती त्या पुड्यांवर. पुढं वसतिगृहाच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचली, काही दोनदा. पण जिऱ्याचा वास आला की अजून मला काहीतरी वाचावंसं वाटतं.

म्हणून मला वाटलं होतं, नेपाळीचं काय एवढं. अक्षरं तर आपलीच आहेत. आचारी मधे आईला बघून, मला न्यायला परत आला तेव्हा त्यानं पहिलीचं पुस्तक आणलं. मी उघडलं आणि धडाधड वाचत सुटले, कुठं अडले नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “काय कळला?” घर, पानी, भात, एवढं कळलं. बाकी सगळं तोंडातून गेलं आणि आत काही आलं नाही. आत्याबाई, त्या दिवसापासून मी घाबरले आहे. अनोळखी अक्षरं असती तर निदान गप्प बसले असते. तिथल्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दवाखान्याचा कागद, सगळं मी मोठ्यानं वाचीन आणि त्यातलं मला काही कळणार नाही. मी त्याला विचारलं, पोटात दुखतंय कसं म्हणायचं? “पेट दुख्यो.” मग विचारलं, आत कुठंतरी दुखतंय, जागा सांगता येत नाही, असं असलं तर? तो कणीक मळत होता. “ते मला मराठीत पण नाही येत, बाई.”

फोनवर त्याची आई दिसते. बांधलेला हात अजून गळ्यात, डोक्यावर शाल, मागं लाकडी फळ्या. “बुहारी, कहिले आउने?” बुहारी म्हणजे सून. कधी येतेस, असं विचारते. मी म्हणते, येते हां, येते, हात सांभाळा. ती मान हलवते, मीही हलवते. तिला काय कळतं देव जाणे. सून म्हटलं की मला तुम्ही आठवता आणि त्या फोनपुढून उठून जावंसं वाटतं.

दुसरी एक भीती आहे, ती मी त्याला बोलले नाही. इथं तो परका आहे. कुणी आवाज चढवला तर खाली बघतो, माझ्याशी बोलताना आधी हात पुसतो. तिथं तो घरचा आणि मी परकी. मला काय ठाऊक, स्वतःच्या मातीवर उभा राहिल्यावर तो कसा बोलतो? मऊपणा त्याचा स्वतःचा आहे की नाइलाजाचा, हे इथं बसून कळायला काही मार्ग नाही. आणि ते लोक मला काय हाक मारतील? माझाही कान झोपेल का? तुमच्या मुलाचा फोटो मी भिंतीवरून काढला, पुसला, आणि पुन्हा जागच्या जागी लावला. दोन दिवसांनी आचारी आला होता. फोटोकडं बघून म्हणाला, “घ्या ना. तिकडे भिंत खूप आहे.” फोटो आता पिशवीत आहे, साडीत गुंडाळलेला. हे सांगणारा माणूस वाईट नसावा. नसावा असं लिहिते, नाही असं लिहायचं धैर्य होत नाही. तुमचा मुलगा टेम्पोसकट घाटातल्या दरीत गेला त्या दिवशीही सकाळी सगळं चांगलंच होतं.

आता कुलपाचं. मामंजी श्रीगोंद्याकडच्या फडावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून पडले आणि तिथंच संपले. तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला घेऊन हंगाम अर्धा टाकून परत आलात. दाराला पितळी कुलूप. किल्ली तुमच्याजवळ होती, पण ते कुलूप मामंजींच्याच हाताला उघडायचं, कारण खालून अंगठ्यानं दाबून किल्ली फिरवायची खुबी त्यांच्याच अंगठ्यात. तुम्ही किल्ली फिरवत राहिलात, ऊन डोक्यावरून उतरलं, शेवटी मैत्रिणीनं तेल आणून घातलं तेव्हा उघडलं. “नवरा गेला तवा रडले न्हाई एवढी त्या कुलपाम्होरं रडले,” असं तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. त्यानंतर तुम्ही फडावर गेला नाहीत आणि दाराला कुलूप लावलं नाहीत. ते आतल्या खिळ्याला टांगून ठेवलंत. पुढं तुमच्या मुलानं टेम्पोचा उरलेला निळा रंग दाराला दिला, खिळ्यालाही दिला, पण कुलपाला हात लावला नाही.

त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, “त्ये कुलूप हिरीत टाकून ये. आता ह्ये घर उघडंच ऱ्हानार. तू हायेस तवर.” मूल नाही, माहेरी कुणी नाही, तरी मी जाईन अशी तुम्हाला भीती होती. मी गेले. तुम्ही दारात उभ्या होतात. विहिरीतून धप्प आवाज आला आणि तुम्ही आत गेलात. त्या दिवसापासून मी कामाला जाताना नुसती कडी लावत आले. एकदा शेळी शिरली आणि अर्धी टोपली बाजरी खाऊन गेली, त्यापलीकडं काही गेलं नाही. शेवटच्या दुखण्यात तुम्ही दिवसातून दहादा विचारायचात, “दार उघडं हाय न्हवं?” मी म्हणायचे, हाय, आत्याबाई.

दार उघडंच होतं. तेवढं खोटं नव्हतं. पण विहिरीत मी दगड टाकला होता. कुलूप किल्लीसकट पदरात होतं, ते मागच्या दारानं आणून माळ्यावर बाजरीच्या डब्यामागं ठेवलं. एकोणीस वर्षं झाली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला कुठं जायचं नव्हतं, जाण्यासारखी जागाही नव्हती, तुमचा मुलगा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तरी विहिरीवर हात ते कुलूप सोडेना. दर पाडव्याला तुम्ही देवळात गेलात की मी त्यात तेल घालायचे. तुम्ही गेल्यावरही घालत राहिले, तेव्हाही दार लोटून घेऊन.

आज दुपारी ते काढलं. बाहेर उभी राहिले, दार ओढलं आणि लावून बघितलं. टक्कन लागलं. मग किल्ली फिरवली तर फिरेना. पुन्हा फिरवली. मागच्या दाराला आतून कडी, माझी पिशवी आत, फोटो आत, चपला आत, अनवाणी पायांना खडे टोचायला लागले. गल्लीत हाक मारायला कुणी नाही, टोकाच्या घरापर्यंत आवाज जात नाही. निळ्या रंगाचे पोपडे नखाला लागले. तुम्ही तिथं कशा उभ्या असाल ते मला इतक्या वर्षांनी आज कळलं. ज्या गावात मी कुणाची कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं माझी ही गत, तर तिकडच्या परक्या दारापुढं माझं काय होईल? शेवटी तुम्ही सांगितलेली मामंजींची खुबी आठवली. खालून अंगठा दाबला. उघडलं. मी आत येऊन पाणी प्यायले आणि हा कागद घेतला.

किल्ली मी बरोबर नेणार आहे. तुमच्या मैत्रिणीला अंगठ्याचं सांगून ठेवीन, परत येईन तेव्हा मी विसरले तर तिनं सांगावं म्हणून, पण किल्ली देणार नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मी तुम्हाला वाचून दाखवायचे, मगच तो तुम्हाला पोचायचा. हाही तसाच, उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचला तरच पोचेल. मघाशी बसले होते. लग्नापर्यंत वाचलं, त्याच्या आईपर्यंत वाचलं, गल्लीत ऐकायला कुणी नव्हतंच. विहिरीपर्यंत आले आणि गप्प झाले. दुसऱ्यांदा बसले, तरी तिथंच. दगडाचं तेवढं मला तुमच्या दारात बसून मोठ्यानं वाचवत नाही.