आईच्या भजनाची झील

शिनोली

ती. नूतनताईस,

धाकट्या सुनीलचा सलाम. (तुमच्या नव्या मंडळीत 'प्रेज द लॉर्ड' म्हणत्यात, ते बी यातच आलं असं समज. देवाला दोन्ही पोचतंय.) आमी इकडं बरं हाय. तुझा गुडघा आन् दाजींची शुगर कशी हाय ते कळव. फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर तू लगेच बाप्तिस्म्यावर येतीस, मी चिडतो, आन् मग दोघंबी रेंज गेली म्हणून ठेवतो.

तर आमचं जुनं चर्च आन् हॉलात प्रार्थना भरवणारे तुमचे जुन्नरचे हॉलवाले, दोघांची एकोप्याची प्रार्थना आपल्या अंगणात घ्यायचं मी मनावर घेतलं. (तू नदीत बुडी मारून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलास, तवापासून तू नाताळाला घरी आली न्हाईस, हे मी कुणाला बोललो न्हाई. जगात एकोपा पायजे, येवढंच बोललो.) तुमची मंडळी जीपमधनं उतरली. शेवटचं माणूस उतरून दार लागेस्तवर मी बघत व्हतो. दाजी म्हणाले, गुडघा दुखतोय तिचा.

मांडव शेजारच्या भागूभाऊंनी दिला, गणपती मंडळाचा. मागच्या पडद्यावर ओझरचा विघ्नहर. तुमची प्रार्थना चालवणारे ब्रदर म्हणाले, पडदा काढा. आमचे पाळकसाहेब म्हणाले, असू द्या, वारं लागतंय. (थंडीत पाळकसाहेब लई उदार होत्यात.) शेवटी भागूभाऊंनीच पडदा उलटा लावला आन् गणपतीला हळूच म्हणाले, 'देवा, घटकाभर तिकडं तोंड करा, पावणं आल्यात.'

शेवटची प्रार्थना कुणी करायची, हे ठरवायचं राहून गेलं व्हतं. पाळकसाहेबांनी धरली. ते आमेनपाशी आले, तर ब्रदरनी 'आणि हे प्रभू' म्हणून तिथनंच उचलली. ब्रदरनी आंबेगाव तालुका संपवला, तर पाळकसाहेबांनी जुन्नर घेतला. मागत व्हते दोघंबी एकोपाच, पण शेवटचा आमेन कुणी सोडंना. भागूभाऊंच्या घरचे बी डोळे मिटून, हात जोडून हुबे. (मीच शिकवून ठेवलेलं.) तेवढ्यात चुलीपाशी मटणाच्या पातेल्याचं झाकण पडलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. पण आधी डोळे उघडायचे कुणी? उघडतील त्यांचा विश्वास कमी. कुत्र्यांनी सावकाश जेवून घेतलं. शेवटी भागूभाऊंच्या सोनीवैनी म्हणाल्या, 'आता देवालाबी वाईच दम खाऊ द्या.' तवा कुठं सगळे एकदम आमेन म्हणाले. वैनींनी घरनं पिठलं-भाकरी आणली, आन् दोन्ही मंडळ्या एका पंगतीला बसल्या. दुसरं खायाला काय नव्हतंच.

जेवणं झाल्यावर मी पेटी काढून आईचं भजन लावलं. मी ओळ म्हटली आन् सवयीनं थांबलो, तू झील धरून ती परत म्हणतीस तिथं. कुणीच उचलंना. आमचे लोक पुस्तकात ओळ शोधत बसले, तुमच्यांनी गिटार जुळवायला घेतली. ताई, लई आठवण आली तुझी. मी पेटी मिटणार, तर मागनं सोनीवैनींनी झील धरली. इतकी वर्षं भिंतीपलीकडनं ऐकून बाईला सगळं भजन पाठ हाय. पुढची ओळ मी सोडलीच. नुसता भाता हलवत बसलो.

बाप्तिस्म्याला तुमची बुडी खरी का आमचे डोक्यावरचे शिंतोडे खरे, ते वर गेल्यावर इचारू. तिथं तरी दोन हॉल नसावेत.

तुझा,
सुनील

ता. क. नाताळाला ये असं मी म्हणत न्हाई, गुडघा सांभाळ. भागूभाऊ आदल्या दिवशी जुन्नरच्या बाजाराला येणार हायेत. गाडी परत रिकामीच येती, आपलं सांगून ठेवलं.

ता. क. दुसरं. सोनीवैनी मनानं देवमाणूस, पण त्यांचा सूर लागला की गोठ्यातली म्हैस दावं ओढती. काल इचारत व्हत्या, 'ताई येईस्तवर मीच म्हणू ना?' मी हो म्हणालो. ताई, त्या म्हशीचा तरी इचार कर.