वाढत्या अंगाची सायकल

बाबा, आज तुमच्या नातीला सायकल घ्यायला गेले होते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत आणि तिने तुम्हाला फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलंय. त्या फोटोत तुम्ही इतके गंभीर दिसता की लहानपणी ती तुम्हाला कुठले तरी जज्ज समजत होती. हा गंभीर माणूस अमेरिकेत, सनीव्हेलच्या आपल्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये, ऑफिसचे बूट न काढता, टाय खांद्यावर टाकून, एका गुलाबी सायकलमागे रोज संध्याकाळी धावत असे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी तिचा विश्वास बसणार नाही म्हणा.

आपल्या घरात कुठलीही वस्तू मापाची येत नसे. जे यायचं ते वाढत्या अंगाचं. जॅकेटच्या बाह्या दुमडलेल्या, फ्रॉकला आईने आत वळवून शिवलेली भली मोठी पट्टी, बुटांच्या टोकात कापसाचे बोळे. बूट पायाला नीट बसायला लागेपर्यंत त्यांचे तळवे गेलेले असायचे. त्यात ही गुलाबी सायकल तेवढी अपवाद. कोपऱ्यावरच्या घराच्या गराज सेलमध्ये, जुन्या सामानात मिळाली म्हणून घेतली, आणि ती चक्क माझ्या मापाची निघाली. हँडलला झिरमिळ्या, सीटमागे उंच दांडी, पेडल उलटं दाबलं की ब्रेक. ती दांडी धरून तुम्ही पळायचात. घरी आल्यावर चहासुद्धा घ्यायचा नाहीत. आई गॅस बंद करून झाकण ठेवायची आणि गॅलरीतून आपली वरात बघत उभी राहायची. मला सायकल यायला लागली तरी तुमचं पळणं थांबलं नाही. "ब्रेकचा भरवसा नाही," तुम्ही म्हणायचात. मी नुसती पेडल मारते आहे आणि मागून तुमचे बूट फटाफट वाजताहेत, हे मला इतकं सवयीचं झालं होतं की तो आवाज सायकलचाच आहे असं मी धरून चालले होते.

मग मी वाढले. पाचवीत असताना तर शेवग्याच्या शेंगेसारखी वाढले. शेजारच्या अपार्टमेंटमधली सोनेरी केसांची मैत्रीण आणि तिच्या बरोबरच्या सगळ्या जणी गिअरच्या सायकली घेऊन शनिवारी लायब्ररीत जायच्या, तिथून पार्कात. मी मागून जिवाच्या आकांताने पेडल मारायची आणि पहिल्या सिग्नललाच त्या दिसेनाशा व्हायच्या. एका शनिवारी मी तिथूनच परत फिरले. त्यांनी मागे वळून पाहिलंही नव्हतं. मला त्या मुलींमध्ये असायचं होतं, बाबा. त्या वयात दुसरं काही नकोच असतं.

"बाबा, आय लुक लाइक अ सर्कस बेअर."

"मराठीत सांग."

"मी सर्कशीतलं अस्वल दिसते."

"कोण म्हणालं?"

"एव्हरीबडी!"

तुम्ही पान्हा आणून सीट वर केलीत. गुडघा हँडलला लागला की नवी सायकल बघू, असा तुमचा नियम होता. मी गुडघा लागतो हे दाखवलं, तर तुम्ही हँडल वर केलंत. पुन्हा लागायला लागला, तर कुठून तरी आणखी उंच हँडल पैदा करून बसवलंत. आता सायकल लहान, सीट आणि हँडल आभाळात. अस्वल परवडलं, अशी माझी अवस्था.

एका रविवारी तुमचे मित्र पोहे खायला आले होते, तेव्हा मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. झालं! पोह्यांच्या बशा घेऊन सगळी मंडळी पार्किंग लॉटमध्ये उतरली. दिवसभर ऑफिसात कंप्युटरच्या चिपवरच्या रेषा मोजणारी डोकी ती. मला सायकलवर बसवून पुढून, मागून, बाजूने पाहणी सुरू झाली. दादरचे काका म्हणाले, पायाची लांबी आणि चाकाचा व्यास यांचा रेशो बघायला पाहिजे. पुण्याचे काका म्हणाले, प्रश्न सायकलचा नाहीच, पोश्चरचा आहे. तुम्ही टेप धरून म्हणालात, "अजून इंचभर गॅप आहे, यार. हे मॉडेल आणखी एक वर्ष सहज काढेल." नागपूरच्या काकांनी तेवढ्यात बशी संपवली. "काहून बे," ते म्हणाले, "तिचे गुडघे कानाले लागून राह्यले, अन् तू गॅप मोजतो? घेऊन दे ना लेकराले!" मला त्या क्षणी त्यांना दत्तक जावंसं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही सायकल आणलीत. दहा गिअरची, निळी, झळझळीत, आणि पुरुषाची. मधली आडवी नळी माझ्या पोटाला लागत होती. सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. "वाढत्या अंगाची आहे," तुम्ही अभिमानाने म्हणालात. मी रडायचीसुद्धा विसरले.

"कैची मार," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडे सगळी पोरं तशीच शिकतात." मग नळीखालून पाय कसा घालायचा, पलीकडचं पेडल कसं पकडायचं, हे तुम्ही हवेत हात फिरवून समजावायला लागलात. मला काही कळेना. एवढ्यात आई हात पुसत खाली येते. "सरका हो," म्हणते. "तुम्ही काय शिकवणार? तुम्हाला स्वतःला कुठे येते सायकल?" साडीचा पदर खोचते, एक पाय नळीखालून पलीकडे घालते, आणि काही कळायच्या आत माझी आई, सायकल एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला कलून, अर्ध्या अर्ध्या पेडलवर खटक खटक करत अख्ख्या लॉटला चक्कर मारते. सोनेरी केसांची मैत्रीण तोंड उघडं टाकून बघते आहे. "हाउ डज शी डू दॅट?" ती मला विचारते. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणते, "माय मॉम कॅन डू एनीथिंग."

मला तो पराक्रम महिनाभराने जमला. कैची मारत मी शनिवारी लायब्ररीलाही गेले. आता त्या मुलीच माझ्यासाठी थांबायच्या, कारण प्रत्येकीला ती युक्ती शिकायची होती. पण कैचीला वेग असा नसतोच. त्यामुळे संध्याकाळी तुम्ही आपले मागे होतातच, फटाफट. मला वाटायचं, बाबांना मेलं मापाचं काही घेता येत नाही.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी सहज टांग टाकली आणि मी सीटवर होते. पाय पोचत होते. दोन गिअर बदलले. मागून फटाफट आवाज आला, मग थोडा लांबून आला, मग आलाच नाही. टपालपेट्यांपाशी तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून उभे होतात आणि "राइट साइड! राइट साइड!" म्हणून ओरडत होतात. मी काही थांबले नाही. इतकी मजा मला कधी आली नव्हती. घरी परत आले तेव्हा तुम्ही आईला सांगत होतात, "सायकल आता मापाची झाली." दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसमधून आलात आणि थेट चहाला बसलात. आईने कप पुढे ठेवला. मला तर त्याचं काही वाटलंही नाही. मी खाली पळाले.

आज दुकानातल्या मुलाने उंची विचारली. तुमची नात पलीकडे घंट्या वाजवून बघण्यात दंग होती. मी चार बोटं वाढवून सांगितली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "शी विल ग्रो इंटू इट," मी ठामपणे म्हणाले. तिला सीटवर चढवल्यावर ती किंचाळली, "आई, माय फीट डोन्ट रीच!" मी म्हटलं, नाहीच पोचणार, कैची शिकवते चल.

येताना माझ्यासाठी पळायचे बूटही घेतले. थोडे मोठेच आलेत. हा कागद टपालात काही जायचा नाही, तेव्हा घडी करून त्याच बुटांच्या टोकात घालते, कापूस घरात नाही. तिला सांगितलंय की सायकल वाढत्या अंगाची आहे. खरं कारण तुम्हालाच सांगते, बाबा. मापाची घेतली असती, तर उद्यापासून मला थेट चहाला बसावं लागलं असतं.