ऑफ आणि आउट

ता. ३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात धजत नाही. परवा आमच्या लाँड्रीत कपडे वाळवायच्या खोलीला आग लागली. मी आणि इस्त्रीवाल्या काकू मागच्या खोलीत होतो. काकूंना ऐकू कमी येतं, आणि मशिनांच्या घरघरीत मलाही काही कळेना. सुपरवायझरचा फोन आला, अलार्म वेंट ऑफ. मी समजलो, अलार्म बंद झाला. त्याचा आवाज घाबरलेला वाटला खरा, पण पुन्हा विचारायला कमीपणा वाटला. काय म्हणतोय, असं काकूंनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, काही नाही, तुम्ही चादरी उरका.

धूर आत आला तेव्हा काकूंना ओढत बाहेर काढलं. त्या दवाखान्यात आहेत. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला!

तुझा,
धाकटा

ता. ११ मार्च
चि. भाषापंडितास,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाचलं. दिवा ऑफ म्हणजे बंद, हे तुला मीच घोकायला लावलं. पण दूध ऑफ म्हणजे नासलं, माणूस ऑफ म्हणजे निघाला नाहीतर सुट्टीवर, आणि अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजायला लागला! आउट तर त्याहून लबाड. दिवा गोज आउट म्हणजे विझला, माणूस गोज आउट म्हणजे बाहेर गेला, आणि तारे कम आउट म्हणजे दिसू लागले. परीक्षेत येत नाही म्हणून मी हे कधी शिकवलं नाही. लाज आपण दोघं वाटून घेऊ. शाबासकी मात्र तू एकट्यानं घेतलीस, ती परत कर. आधी काकूंना सांग.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

ता. २० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
काल गेलो. काकूंना ऐकू जाईना म्हणून सगळं दोनदा, मोठ्यानं सांगावं लागलं. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. काकू म्हणाल्या, इंग्रजी मलाही येत नाही, त्याचं काही नाही. पण नीट कळलं नाही एवढं म्हणायला तुझं काय जात होतं?

मालकांनाही सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले.

काकूंच्या मुलीनं मागच्या खेपेला माझे हात धरून आभार मानले होते. काल ती वॉर्डाचं दार धरून उभी राहिली, मी जिना उतरेपर्यंत. उद्या पुन्हा जाणार आहे. काकूंनी ये म्हटलेलं नाही, येऊ नकोस असंही म्हटलेलं नाही.

तू तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा