न्यू ब्रन्सविकला दोन मार्क

९ सप्टेंबर
आजपासून इथल्या, कॅनडातल्या लंडनच्या, युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा रिक्रूटिंग अ‍ॅडव्हायझर. पगार नाही. हेड कोच डग याला ‘व्हॉलंटिअर’ म्हणतो. त्याला शब्दांची जाण नाही. माधवी म्हणाली, चारुदत्त, तू आयुष्यात त्या लंबगोल बॉलला हात लावला नाहीस. बायकोला डेटा सायन्स कसं समजावणार?

१४ सप्टेंबर
मॉडेल तयार. कुठल्या प्रांतातली हायस्कूलची पोरं बघायची, याला दहापैकी मार्क. ओंटारिओ दहा. क्यूबेक नऊ. न्यू ब्रन्सविक दोन, तेही समुद्रकिनारा आहे म्हणून. डगला दाखवलं. म्हणाला, इंटरेस्टिंग. आणि लंच खायला लागला.

३० सप्टेंबर
डगचं डोकं फिरलंय. मला मंक्टनला पाठवतोय. न्यू ब्रन्सविक! तिथे एक लाइनमन आहे, म्हणजे समोरच्यांना ढकलून अडवणारा, सहा फूट चार, बारावीत. नाव क्षितिज मेश्राम. मराठी! डग म्हणाला, तू त्यांच्या भाषेत बोलशील, घरच्यांना बरं वाटेल. खरं म्हणजे त्याला माझ्या मॉडेलची परीक्षा घ्यायचीय, हे तो सांगणार नाही. ठीक आहे.

१८ ऑक्टोबर, दुपारी
मंक्टन. एअरपोर्ट आपल्या कम्युनिटी सेंटरएवढा. मॅच बघितली. स्टँडमधली माणसं घरून ब्लँकेटं घेऊन आलेली. क्षितिजसमोर जो येतो तो आडवा होतो. पण समोरचेही न्यू ब्रन्सविकचेच. म्हणून मनातल्या मनात मार्क कापले.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी
मेश्रामांकडे जेवलो. वडील विशाल, हॉस्पिटलच्या आयटीत. आई धम्मप्रिया, बँकेत मॅनेजर. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो. तरी मोकळेपणाने विचारलं, मूळचे कुठले? बाई म्हणाल्या, नागपूर. मी म्हटलं, ते कळलं हो, पण म्हणजे नेमके कोण? त्यांनी भाजीचा डबा बंद केला. म्हणाल्या, तुम्ही मुलाचा खेळ बघायला आलात ना?

लोक किती टची असतात.

मग कामाचं बोललो. सांगितलं, मंक्टनमधून आमच्याकडे येणं म्हणजे लॉटरीच. स्कॉलरशिपचं तुम्हाला नवीन नसेल, तुमच्यात सवलतींची सवय असतेच. कौतुकानं म्हणालो. विशालनं चमचा खाली ठेवला. क्षितिजनं इंग्लिशमध्ये आईला विचारलं, व्हॉट डज ही मीन? बाई म्हणाल्या, नथिंग, बेटा. मग मराठीत मला म्हणाल्या, तुमचा कोट आणते.

अजून स्वीट डिश यायची होती. न्यू ब्रन्सविकचे मॅनर्स.

१९ ऑक्टोबर
डगला रिपोर्ट दिला: फॅमिली इम्प्रेस्ड, थोडी लाजाळू. डगनं विचारलं, मग मदरनं सकाळी मला फोन का केला? मी म्हटलं, फॉलो-अप असेल. त्यानं दोन्ही हातांनी डोळे चोळले. कोचेसना झोप कमी मिळते.

८ नोव्हेंबर
डग तीन दिवस कुठेतरी गेला होता. कुठे ते सांगत नाही. मीटिंगला मला बोलावलं नाही. अप्रायझलसारखं काही चालू असेल. विंटर टायर्स बदलून घेतले.

११ डिसेंबर
क्षितिज आपल्याकडे येतोय!! साइन केलं. बर्नाबीच्या युनिव्हर्सिटीवाल्यांनीही बोलावलं होतं म्हणे, त्यांना नाही म्हणाला. माझा पहिला रिक्रूट. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सतरा थम्स-अप. मंडळातल्या नीरजानं विचारलं, तू नक्की काय केलंस? जळतात लोक.

१५ फेब्रुवारी
नव्या खेळाडूंच्या घरच्यांसाठी कॅम्पसवर लंच. कुणी बोलावलं नव्हतं, पण माझं असणं गृहीतच. माधवीलाही घेऊन गेलो. दोन पानांचं भाषण नेलं होतं. जागा नेमकी मेश्रामांच्या टेबलावर मिळाली. विशालला म्हटलं, बघा, माझ्या व्हिजिटचा उपयोग झाला.

विशाल शांतपणे म्हणाला, झाला ना. तुम्ही गेल्यावर आम्ही लंडनचं नाव कापलं होतं. मग कोच स्वतः विमानाने आले, आमच्या हॉलमध्ये बसून धम्मप्रियाची माफी मागितली. तुमच्या वतीनं. आम्हाला वाटलं, असा माणूस जिथे आहे तिथे मुलाला पाठवायला हरकत नाही.

म्हणजे मी गेलो नसतो तर माफी नाही, आणि माफी नाही तर क्षितिज नाही. लॉजिक क्लिअर आहे.

जेवणानंतर डगनं बाजूला घेतलं. पुढच्या सीझनला यायची गरज नाही म्हणाला. मॉडेलचं काय, विचारलं. म्हणाला, कुठलं मॉडेल?

भाषण झालं नाही.

परत येताना गाडीत माधवीनं एवढंच विचारलं, त्या बाईंना सॉरी म्हणालास? मी म्हटलं, वेळच मिळाला नाही.

दोन तास त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. पाण्याचा जग त्यांनीच पुढे केला.