रस्त्यापलीकडे सोडलेली रानमांजरी

४ मार्च
झालं एकदाचं! परवानगी आली. डोंगराकडच्या जंगलातली एक रानमांजरी पकडायची, गळ्यात रेडिओपट्टा बांधायचा आणि हमरस्त्यापलीकडे, तळ्याकाठच्या रानात सोडायची. तिकडे उरलीत ती सगळी एकमेकांची भावंडं. पिल्लं जन्मतात नि मरतात. नवं रक्त हवंच.
रस्ता झाल्यापासून इकडचं मांजर तिकडे गेलेलं नाही — हे मीच लेखी दिलंय. त्याच जोरावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जाळी ठोकताहेत. काम दादाकडे. सख्खा भाऊ! म्हणजे जेवतानाही विषय कुंपणाचाच.

९ मार्च
सापडली. काय फिस्कारत होती! जनावरांच्या डॉक्टरबाई हातात सुई घेऊन म्हणाल्या, "हिला विचारलंस का, जायचंय का म्हणून?"
"तिकडची मरताहेत, त्यांना विचारून या."
पट्टा बांधून तिला गाडीतून तळ्याकाठी नेलं.
पिंजऱ्याचं दार उघडलं तर बाईसाहेब बाहेरच येईनात. आणि एकदम — गेली! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

१२ मार्च
पट्ट्याचा सिग्नल येतोय. पण कालपासून एकाच जागेवरून.

१३ मार्च
तिथेच. ताट सोडून पुन्हा सिग्नल ऐकायला बसले. आई म्हणाली, "पोटच्या पोरासाठीही कुणी इतका जीव टांगणीला लावत नाही." लावतात, आई. तूच लावतेस.

१५ मार्च
सिग्नल बंद! डॉक्टरबाई आणि मी तळ्याकाठ पिंजून काढला. काट्यांनी हात सोलवटले. ना पट्टा, ना केस, ना रक्त.
"मेली असेल तर माझ्यामुळे," मी म्हटलं. वाटलं, आता ऐकवणार — 'मी सांगत नव्हते?' पण बाटली पुढे करून त्या एवढंच म्हणाल्या, "आधी पाणी पी." त्यानं तर जास्तच रडू आलं.

२१ मार्च
दादा खुशीत. "संपलं बघ काम! उंदीरही शिरायचा नाही. तुझ्या मांजरीचा लागला का पत्ता?"
मी उठून आत गेले. त्याचा काय दोष? तरीही.

२२ मार्च
डोंगराकडच्या कॅमेऱ्यांतले फोटो पाहत होते, नेहमीसारखे. हात थांबला.
गळ्यात पट्टा. तीच! जिवंत! रस्ता ओलांडून स्वतःच्या घरी आली. आणि तिच्या मागोमाग एक बोका. डोंगरावरचे सगळे बोके मला तोंडपाठ आहेत; हा त्यांतला नाही. तळ्याकाठचाच.
म्हणजे त्यांची वाट आहे. कधीपासून, कुठून — देव जाणे. मलाच दिसली नाही.
फोटो परवाचा. जाळी पुरी झाली काल.

२२ मार्च, संध्याकाळ
दादाला फोन केला. "कुंपण उघडायचंय."
"कुठे?"
"माहीत नाही. शोधायला लागेल."
"अगं, तूच लिहून दिलंस ना, कुणी ओलांडत नाही म्हणून?"
"चुकीचं लिहिलं. सकाळी रस्त्यापाशी येते. पक्कड घेऊन ये."