पांघरुणांची खोली

सोमवार, ६ फेब्रुवारी
आज आठ वर्षांच्या मुलीची साक्ष टाइप केली. बालगृहातली. खुर्चीवरून पाय टेकेनात, म्हणून शिपायाने खाली जुन्या फायलींचा गठ्ठा सरकवला. प्रश्न आला की आधी फ्रॉकचं बटण चाचपायची, मग बोलायची.
“अंथरूण ओलं झालं की मोठ्या बाई पांघरुणांच्या खोलीत कोंडतात. दार वाजवलं की अजून ठेवतात. म्हणून मी वाजवत नाही. अंधार कानात जातो.”
न्यायाधीशबाईंनी तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं!
वीस वर्षं करते तेच केलं. तिचं बोलणं लघुलिपीत उतरवलं, मग ‘नीट’ टाइप केलं — ‘सदर खोलीत पुरेशा प्रकाशाअभावी माझ्या मनात भीती निर्माण होते.’ घरगुती बोलणं रेकॉर्डला शोभत नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. सही झाली. लघुलिपीची पानं नियमाप्रमाणे फाडली.
जाऊबाईंचा फोन. रविवारी येताय ना? कोर्टाचं काम आहे, दिलं ठोकून. रविवारी!

मंगळवार, ७
काही नाही. पाठ दुखतेय.

सोमवार, १३
बालगृहाचे वकील माझा कागद दोन बोटांत धरून उभे राहिले. “आठ वर्षांची पोर ‘प्रकाशाअभावी’ म्हणते? अहो, मीसुद्धा म्हणत नाही!” सगळे हसले. मीही हसले — सवयीने.
“साक्ष पढवलेली आहे,” म्हणाले.
पढवणारी मी! ती नव्हे, तिला सांभाळणारी कुणी ताई नव्हे. मी.
सध्या तिला दुसरीकडे ठेवलंय. साक्ष टिकली नाही तर ती परत त्याच बालगृहात, त्याच मोठ्या बाईंकडे.

मंगळवार, १४
शिरस्तेदारांना, आमच्या मुख्य कारकुनांना, सांगितलं. डब्यातून मान वर न करता म्हणाले, “मॅडम, पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का?”
तरी गेले न्यायाधीशबाईंच्या खोलीत. त्यांनी शांतपणे ऐकलं. “सही झाल्यावर कागद कोर्टाचा. तुमच्या आठवणीवर निकाल देऊ? त्या दिवशीचं तुमच्या हातचं, तिच्या शब्दांतलं काही आहे?”
नाही म्हणाले.
“मग? मुलीला पुन्हा बोलावते. एवढंच माझ्या हातात आहे.”
घरी नवरा म्हणाला, “न्याय वर बसणाऱ्यांनी करायचा. तू कडेला बसतेस.” चिडले. पण खोटं काय आहे त्यात?

सोमवार, २०
एक अक्षर बदलायचं नाही, असं ठरवून बसले होते.
ती आली. बटणाला हात लावला नाही. ताठ बसून घडाघडा म्हणाली, “सदर खोलीत पुरेशा प्रकाशाअभावी माझ्या मनात भीती निर्माण होते.”
नव्या ठिकाणाहून सोबत आलेल्या ताईंनी तयारीसाठी कागद पाठ करून घेतला होता! “म्हटलं, कागदात आहे तसंच बोल, बाळा, म्हणजे चुकणार नाहीस.” चांगल्या मनाने केलं त्यांनी. मीसुद्धा चांगल्याच मनाने केलं होतं.
जसंच्या तसं टाइप केलं. वकिलांना उठावंही लागलं नाही.
जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. “बरोबर म्हटलं ना?”
मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?
निकाल पुढच्या सोमवारी.

शुक्रवार, २४
कपाट उघडलं की पांघरुणं दिसतात.

रविवार, २६
जाऊबाई आल्या होत्या. “त्या रविवारी असलं कुठलं गं कोर्ट?” कोर्टाचं नेमकं काय ठोकून दिलं होतं ते आठवेना. त्या गेल्यावर मागची पानं चाळली.
सहा तारीख. अंधार कानात जातो.
तिचेच शब्द. त्याच दिवशीचे. माझ्या हातचे. आणि मी तोंडावर नाही म्हणून आले!
त्याच पानावर मी फाडलेल्या कागदांचं आहे, जाऊबाईंचं आहे, बाकीच्या पानांवर उरलेलं सगळं. सुटं पान नेलं तर पुन्हा म्हणतील, पढवलेलं. उद्या निकालाआधी अख्खी वही न्यायाधीशबाईंकडे नेते.
मॅडम, तुम्ही दोनदा घड्याळ पाहिल्याचं लिहिलंय, तेही खरं आहे.